वाईनमधील गंधक : अंदाज आणि मोजमाप



व्याख्यानमालेच्या मांडवात वाईनचा विषय निघाला याचे काहींना नवल वाटेल. पण आमचा विषय पिण्याचा नाही, मोजण्याचा आहे. आणि कामगार चळवळीत ज्यांची हयात गेली त्यांना मोजण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. खात्यात उग्र वास येतो अशी कामगारांची तक्रार असते. मालकपक्ष म्हणतो, 'वास थोडा असायचाच.' थोडा म्हणजे किती, हे ठरल्यावाचून भांडण पुढे सरकत नाही. फॅक्टरी कायद्यात १९८७ साली घातक द्रव्यांच्या मर्यादांचा तक्ता आला. त्यात सल्फर डायऑक्साइडसाठी हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग ही आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घातली गेली. आकडा हाती आला म्हणजे 'थोडा' या शब्दाची सद्दी संपते.

गंधक जाळले असता जो खोकला आणणारा वायू निघतो तो हाच. वाईन करणारे लोक तो वाईनमध्ये मुद्दाम घालतात. इंग्लंडात स्वतःच्या वापरासाठी घरी वाईन करणे मोकळे आहे. अमेरिकेत एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत मुभा आहे. त्यामुळे तेथे हे मोजमाप घरोघर चालते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. पण नाशिक-नारायणगावकडच्या वाईनरींच्या प्रयोगशाळांना शास्त्र तेच लागू आहे. तेव्हा ते समजून घेण्यास हरकत नसावी.

हा वायू दोन कामे करतो. रानटी यीस्ट व शिरका करणारे जंतू यांना तो दाबून ठेवतो, आणि हवेतील प्राणवायूमुळे वाईन तांबूस-काळी पडते ते रोखतो. घरगुती कामात तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या पांढऱ्या भुकटीच्या रूपाने घालतात. भुकटीच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के वायू मिळतो. कमी पडला तर वर्षाची मेहनत शिरक्यात जाते. जास्त झाला तर पेल्याला विझल्या काडेपेटीचा वास येतो. एवढ्यावर भागत नाही. दमेकऱ्यांपैकी काहींना या द्रव्याने धाप लागते, क्वचित प्राणावर बेतते. म्हणून 'आजोबा चिमूटभर घालीत' हा आधार पुरा पडत नाही.

आता एक बारकावा. वाईनमध्ये घातलेला सगळा वायू कामाला येत नाही. गिरणीच्या हजेरीपटावर शंभर नावे असली, तरी ऐनवेळी मोकळे हात किती, हा प्रश्न वेगळाच असतो. तसेच येथे आहे. काही भाग ॲसिटाल्डिहाइड, साखर, रंगद्रव्ये यांना चिकटून बसतो; त्याला बद्ध म्हणतात. उरतो तो मुक्त. राखण करतो तो मुक्त भाग. माणसाच्या प्रकृतीचा हिशेब करायचा तर दोहोंची बेरीज, म्हणजे एकूण, पाहावी लागते.

मुक्त भागातही खरा जंतुनाशक अंश थोडा, आणि तो आंबटपणावर अवलंबून. पीएच ३.२ असेल तर मुक्त भागाच्या जवळजवळ ४ टक्के, ३.५ ला २ टक्के, ३.८ ला अवघा १ टक्का. पांढऱ्या वाईनमध्ये हा अंश लिटरला ०.८ मिलिग्रॅम असावा असा सामान्य संकेत आहे. म्हणजे मुक्त वायू पहिल्या वाईनला लिटरमागे सुमारे २०, दुसरीला ४०, तिसरीला ८० मिलिग्रॅम लागेल. एकाच मापाची गोळी सर्वांना कशी चालावी?

मोजण्याची जुनी व सोपी रीत रिपर याने १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून जे कळले ते साध्या शब्दांत सांगतो. पन्नास मिलिलिटर वाईन फ्लास्कमध्ये घ्यावी. २५ टक्के सल्फ्यूरिक आम्लाचे ५ मिलिलिटर आणि स्टार्चचे थोडे पाणी घालावे. स्टार्च म्हणजे आमच्या सायझिंग खात्यातील खळच. मग ब्यूरेटमधून ०.०२ नॉर्मल आयोडिन थेंबथेंब सोडावे. मुक्त वायू आहे तोवर तो आयोडिन खाऊन टाकतो. तो संपला की पुढचा थेंब स्टार्चला भेटतो आणि निळा रंग उमटतो. रंग क्षणभर टिकला की थांबावे. काम झटपट उरकावे, कारण मुक्त भाग खर्ची पडताच बद्ध भागातून नवा सुटू लागतो.

आयोडिन जितके मिलिलिटर लागले त्याला १२.८ ने गुणावे. समजा २.५ लागले, तर लिटरला ३२ मिलिग्रॅम. पीएच ३.५ ला ४० हवे, म्हणजे ८ कमी. वीस लिटरच्या बुधल्याला १६० मिलिग्रॅम वायू, त्यासाठी भुकटी ०.२८ ग्रॅम. ही चिमटीची गोष्ट नव्हे, तराजूची आहे. घातलेल्यापैकी काही पुन्हा बद्ध होईल. म्हणून काही दिवसांनी फिरून मोजावे. एकूण वायू हवा असेल तर नमुन्यात आधी कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवतात. बद्ध भाग मोकळा होतो, मग जास्त आम्ल घालून तीच कृती.

या रीतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तांबड्या वाईनमध्ये निळा रंग दिसत नाही, म्हणून फ्लास्कमागे दिवा धरतात. तांबड्या वाईनमधली इतर द्रव्येही आयोडिन खातात, त्यामुळे आकडा फुगतो. आयोडिन ठेवून ठेवून सौम्य होते. थायोसल्फेटशी ताडून पाहावे. अधिक नेमकी रीत अशी : आम्ल घातलेल्या वाईनमधून हवा ओढतात, वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडतात, तेथे तो सल्फ्यूरिक आम्ल होतो आणि ते अल्कलीने मोजतात. हाताळताना आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही. खिडकी उघडी असावी, दमेकऱ्याने भुकटीपासून दूर राहावे, आणि तपासलेला नमुना मोरीत ओतावा.

मर्यादा किती? युरोपात कोरड्या तांबड्या वाईनला लिटरमागे एकूण १५० मिलिग्रॅम, पांढरीला २००, अमेरिकेत ३५०. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने माणसाला रोज चालेल असे मान वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम ठरविले आहे. साठ किलोच्या माणसाला ४२. हे मान सुदृढांचे. दम्याच्या माणसाला त्याच्या आतच त्रास होऊ शकतो. म्हणून अमेरिकेत १९८७ पासून १० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास बाटलीवर तसे छापावे लागते.

घरच्या बाटलीवर काही छापलेले नसते. पाहुणा यजमानाच्या शब्दावर पेला उचलतो, जसा कामगार दुसऱ्याच्या शब्दावर वायूच्या खात्यात पाऊल टाकतो. दोघांचाही श्वास पणाला लागलेला असतो. तेव्हा वाईन करणाऱ्याने आकडा काढावा, तारखेसह बाटलीवर चिकटवावा आणि विचारणाऱ्याला न कुरकुरता दाखवावा. ब्यूरेट आणि आयोडिन एवढ्यासाठीच.