भट्टी कोणाची, हे गावाला माहीत असतं

वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात, तिथं ती व्हायचीच होती. तरी बाटलीबंद दारू वर्धा नदी ओलांडून येते, कारण पलीकडे अमरावती-यवतमाळला बंदी नाही. आणि गावठी तर गावातच निघते. मोहफुलं गुळाच्या पाण्यात भिजवायची, सडवा ड्रममध्ये भरून नाल्याकाठी पुरायचा, आंबला की चूल पेटवायची. ठाणेदाराला ती जागा शोधावी लागते. शेजारणीला वासावरूनच कळते.

अडतं ते पुढे. भट्टीवाला बहुधा भाऊकीतला, नाहीतर धुऱ्याला धुरा लागलेला. एकटीनं तोंड उघडलं की रात्री दारात शिव्या. म्हणून बायका मंडळ करून निघतात आणि मडकी फोडतात. संताप रास्तच आहे. पण पोलीस येण्याआधी सगळा सडवा ओतून दिला, तर पंचनाम्यात लिहायचं काय आणि नमुना तपासायला पाठवायचा कशाचा? त्यापेक्षा जागेवर नजर ठेवावी, ठाण्यात कळवावं आणि पंच म्हणून सही करावी. धीर लागतो तो या सहीला. खटला उभा राहीपर्यंत पंच फिरतात आणि भट्टीवाला सुटतो.

अण्णा हजारे यांनी लावून धरलेल्या मागणीनंतर २०१६मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. दल ग्रामसभेच्या ठरावातून उभं राहतं, त्यात महिलांना राखीव जागा असतात. तक्रार मग एका बाईची राहत नाही, गावाची होते. माझ्या मते या दुरुस्तीचा सगळा जीव एवढ्यातच आहे.

पण दलाला पोलिसांचे अधिकार नाहीत, हे पोरांना आधीच बजावलेलं बरं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. गाव राखायला धावलेलेच खुनाचे आरोपी झाले. गस्तीत अनोळखी माणूस दिसला, तर ११२ लावा. काठीला हात घालू नका.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. पुष्कळदा ती घरोघरी सह्या गोळा करून उरकतात. यंदा बायांनो, सभेला जाऊन बसा, दलाचा विषय मांडा आणि ठराव रजिस्टरात लिहून झाल्याशिवाय उठू नका.