तलावाला ‘क्लोरीनचा वास’ येतो तेव्हा

सुरतच्या हजिरा रस्त्यावरच्या इच्छापोरसारख्या भागात उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावात उतरताना नाकात झिणझिण्या आल्या, की ‘आज क्लोरीन जास्त पडलंय’ असं आपण सहज म्हणतो. बहुधा ते उलट असतं. तो वास क्लोरामाइनचा. घाम, लघवी आणि अंगावरचं तेल-क्रीम यांच्याशी क्लोरीन झुंजतं, तेव्हा ही संयुगं तयार होतात. डोळे लाल होतात तेही बरेचदा यांच्यामुळेच.

खरं गणित सामूचं, म्हणजे पीएचचं. सामू ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की तो जेमतेम पाव उरतो. औषध तेवढंच, धार बोथट! म्हणून सामू ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखतात. उघड्या तलावात सुरतचं कडक ऊन हे क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी करतं. सायन्युरिक आम्ल त्याला आडोसा देतं, मात्र ते जास्त झालं तर क्लोरीनच मंदावतं.

क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभर तगतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरवूच नका, आणि उतरण्याआधी मिनिटभर तरी शॉवरखाली उभे राहा.