कुष्ठरोगातला दाह आणि पेशीतला लगाम

कुष्ठरोगात नसा बधिर होतात त्या बऱ्याचदा शरीराच्याच दाहामुळे. जंतुनाशक उपचार पूर्ण झाल्यावरही ‘रिअ‍ॅक्शन’, म्हणजे दाहाची अचानक लाट, उसळू शकते, हा मला त्याचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. असा दाह पेटवणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीत एरवी दुसऱ्या प्रथिनाच्या बेडीत जखडलेलं असतं. जंतूची चाहूल लागताच ते सुटतं, केंद्रकात शिरतं आणि सूज आणणारी जनुकं जागी करतं. त्याच वेळी जागं होणारं एक जनुक ती बेडी पुन्हा घडवतं. रिअ‍ॅक्शनवर दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पेशीतल्या आपल्या ग्राहक-प्रथिनामार्फत सूज आणणाऱ्या याच जनुकांना आवर घालतं. मग दाह कायमचाच का दाबू नये? कारण जंतूंना रोखतो तोही दाहच. म्हणून सुरू असलेली जंतुनाशक औषधं रिअ‍ॅक्शनमध्ये थांबवत नाहीत, आणि प्रेडनिसोलोन कायम चालू न ठेवता त्याची मात्रा हळूहळू उतरवतात.