मेंदीचा रंग : चढतो कसा, जपावा कसा

रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्यावरची गेर पाहून घरी परतलेला मुलगा कसा दिसतो, हे इंदूरकरांना निराळे सांगावयास नको. आई त्याला दारातच अडवते, अंगणात उभा करून साबणाने घासते, आणि दोनतीन दिवसांत बहुतेक रंग निघून जातो. त्याच घरात श्रावणात त्याची वहिनी मंगळागौरीसाठी हातांवर मेंदी काढते. तो रंग मात्र साबणाला दाद देत नाही. भांडी घासा, धुणे धुवा, आठवडाभर तळहात लाल ते लालच! दोन्ही रंग लागले कातडीलाच. मग एक लवकर पळतो आणि दुसरा मुक्काम ठोकतो, असे का? ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तर मेंदी चांगली कशी रंगवावी आणि तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या घातक वस्तूंपासून कसे सावध राहावे, ह्या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. ह्या पेशी केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या असतात. नखे आणि केस हेही मुख्यतः केराटिनचेच. खालून नव्या पेशी वर सरकत असतात व वरच्या झडत असतात. रंगपंचमीचा रंग बहुधा ह्या थराच्या वर आणि त्याच्या बारीक भेगांत नुसता बसून राहतो. मेंदीतील रंगद्रव्य मात्र थराच्या आत शिरते आणि केराटिनशी रासायनिक बंधाने जोडले जाते. एक जण ओसरीवर टेकलेला वाटसरू, तर दुसऱ्याने घराशी सोयरीकच जुळवलेली! म्हणून मेंदी धुऊन जात नाही. ज्या पेशींना ती चिकटली त्या झडतील तेव्हाच, म्हणजे एक ते तीन आठवड्यांनी, ती हळूहळू फिकी पडते.

मेंदीचे झुडूप आपल्यापैकी अनेकांनी कुंपणाला लावलेले पाहिले असेल. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘लॉसोनिया इनर्मिस’ म्हणतात. ‘इनर्मिस’ म्हणजे निःशस्त्र, बिनकाट्याची. पण जुन्या फांद्यांची टोके काट्यासारखी टोचतात, हे कुंपण छाटणाऱ्याला विचारावे. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सोजत येथे मेंदीची मोठी शेती होते. तेथील मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या झाडाच्या वाळलेल्या पानांत शेकडा एकदोन भागच रंगद्रव्य असते. त्याचे नाव ‘लॉसोन’. गंमत अशी, की हिरव्या पानात ते आयते तयार नसते. साखरेच्या एका घटकाशी बांधलेल्या रूपात दडून असते. पाने कुटून भिजविली व त्यांत आंबट रस मिसळला म्हणजे हे बंधन सुटते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन नारिंगी-तांबडे लॉसोन तयार होते. आजी मेंदी भिजवताना लिंबू पिळत असे आणि ती रात्रभर झाकून ठेवीत असे, त्यामागचे शास्त्र हेच.

त्वचेच्या मृत थराला रंग देण्याची आणखी एक युक्ती पाश्चात्त्य देशांत प्रचलित आहे. तिकडे अनेकांना उन्हात रापल्यासारखा तांबूस वर्ण हवासा वाटतो. त्यासाठी ते एक मलम लावतात. त्यात डायहायड्रॉक्सिॲसिटोन नावाची साधी शर्करा असते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईव्हा विट्‌गेनश्टाइन ह्या संशोधिका आजारी मुलांना हे द्रव्य औषध म्हणून पाजून पाहत होत्या. जेथे ते कातडीवर सांडले तेथे काही तासांनी तपकिरी डाग उमटतात, असे त्यांच्या ध्यानात आले. ही शर्करा मृत थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावते. लुई कामीय मेयार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिलेल्या क्रियेचाच हा प्रकार. तव्यावरच्या पोळीला खरपूस तांबूस ठिपके पडतात, तेही ह्याच जातीच्या क्रियेने! तिकडे वर्ण काळवंडावा म्हणून खटाटोप, इकडे तो उजळावा म्हणून. माणसाला आपले सोडून दुसऱ्याचे हवे असते, दुसरे काय? परंतु त्या मलमाचा एक धडा आपल्या उपयोगाचा आहे. कोपर आणि गुडघा येथील थर जाड, म्हणून तेथे रंग अधिक गडद बसतो. सर्वत्र सारखे मलम थापले तर अंगावर चट्टे दिसतात. मेंदीचेही तसेच. तळहाताचा थर फार जाड, म्हणून तेथे ती सर्वांत गडद चढते. मनगटावर फिकी, दंडावर त्याहून फिकी. हा मेंदीचा दोष नव्हे, आपल्या शरीराची रचनाच तशी आहे.

आता कृती पाहू. मेंदीची पूड वस्त्रगाळ असावी. भरड पुडीने कोनाचे तोंड तुंबते आणि रेघ तुटक उमटते. चांगली पूड हिरवट, वाळल्या गवतासारख्या वासाची असते. फारच झगझगीत हिरवी दिसली, तर तीत रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. पुडीत लिंबाचा रस थोडाथोडा घालून, दह्यासारखे दाट होईपर्यंत कालवावे. चमचाभर साखर घातली म्हणजे लेप लवकर भेगाळत नाही. मग भांडे झाकून ठेवावे. आपल्याकडे वैशाखात चारसहा तास पुरतात. थंडीत रात्र जाऊ द्यावी. लेपाचा वरचा पापुद्रा तपकिरी झाला आणि आतला भाग हिरवाच राहिला, की रंग सुटू लागला असे समजावे. खात्री करण्यासाठी एक ठिपका तळहातावर पाच मिनिटे ठेवून पुसावा. नारिंगी खूण उमटली पाहिजे. भिजविलेली मेंदी दोनतीन दिवस उघडी ठेवल्यास तिचा जोर जातो.

रंग सर्वत्र सारखा चढावा म्हणून हात आधी साबणाने धुऊन कोरडे करावेत. तेल किंवा मलम लावलेल्या जागी मेंदी नीट शिरत नाही, आणि पुष्कळदा डाग पडतात ते ह्यामुळेच. रेघ सारख्या जाडीची ठेवावी. लेप सुकू लागला, की लिंबू-साखरेचे पाणी कापसाने हलकेच टिपावे. ओला व चिकटलेला लेपच रंग देतो, सुकून गळालेला नव्हे. तो पाच-सहा तास राहू द्यावा. नंतर पाण्याने न धुता खरवडून काढावा, त्या जागी थोडे खोबरेल चोळावे व शक्य तर दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी टाळावे. लेप काढताच दिसणारा रंग फिका नारिंगी असतो. पाहून पुष्कळ मुली हिरमुसतात. पण खरा रंग पुढच्या एकदोन दिवसांत पिकतो, कारण हवेतील प्राणवायू आपले काम सावकाश करीत असतो. सण उद्या असेल तर मेंदी आज नव्हे, परवाच काढलेली बरी.

ह्या एकदोन दिवसांचा धीर न धरल्याने काय होते, ते मी आमच्या घरात पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीचे लग्न होते. तिने आवडीने मेंदी काढून घेतली. सकाळी हात नारिंगी दिसले. मेंदी जितकी गडद रंगेल तितके सासरचे प्रेम अधिक, असा समज आपल्याकडे आहेच. बायकांनी तिची थट्टा आरंभली, आणि त्या हसण्यात मीही सामील होतो, हे सांगताना आज लाज वाटते. ती बिचारी उठली आणि बाजारातून ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारा, कसलीही घटकांची यादी नसलेला कोन घेऊन आली. अर्ध्या तासात हातांची नक्षी काळीभोर झाली. सर्वांनी वाहवा केली. लग्न पार पडले. पण तिसऱ्या दिवशी हातांना असह्य खाज सुटली, नक्षीच्या रेघारेघांवर पाण्याने भरलेले फोड आले. ते बरे व्हायला कित्येक आठवडे लागले आणि पुढे दीर्घकाळ हातांवर फिकट वेलबुट्टी उमटून राहिली. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला बजावले, की यापुढे केसांना काळा रंगही लावावयाचा नाही.

असे का व्हावे? शुद्ध मेंदी अर्ध्या तासात कधीच काळी होत नाही. असा तात्काळ काळा रंग बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन नावाच्या रसायनाचा असतो. केसांच्या काळ्या रंगांत ते ठरावीक प्रमाणात वापरतात. कातडीवर लेप म्हणून लावण्यासाठी ते मुळीच नाही. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली ह्याच द्रव्याला ‘त्या वर्षीचे प्रमुख ॲलर्जीकारक’ ठरविले होते. ह्याची खोडी अशी, की पहिल्या वेळी कदाचित काहीच होत नाही. परंतु शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवते, आणि ती ओळख बहुधा जन्मभर पुसत नाही. पुढे कधी तेच द्रव्य केसांच्या रंगातून अंगाला लागले, की चेहरा सुजण्यापर्यंत पाळी येते.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. दहा मिनिटांत गडद रंग देण्याची हमी असलेला, घटक न छापलेला किंवा रॉकेलसारखा उग्र वास येणारा कोन घेऊ नये. घरच्या मेंदीत नीलगिरीचे किंवा लवंगेचे तेल घालायचे, तर थेंबांनीच मोजावे. नव्या मेंदीचा नाण्याएवढा ठिपका आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे; मात्र काळ्या कोनाची अशी परीक्षाही घेऊ नये, कारण तेवढ्यानेही शरीर बिथरू शकते. कापलेल्या किंवा खरचटलेल्या जागी मेंदी लावू नये. तान्ह्या मुलांना तर ती मुळीच लावू नये. काहींच्या रक्तात जी६पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, आणि अशा बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी शुद्ध मेंदीनेही फुटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. खाज किंवा फोड आलेच, तर जागा भरपूर पाण्याने धुवावी, फोड फोडू नयेत आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

मेंदी किती रंगावी, हे कातडीच्या जाडीवर, हातांच्या उबेवर आणि लेप किती वेळ राहिला ह्यावर ठरते. सासूच्या मायेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पुढच्या वेळी घरात कोणाचे हात सकाळी फिके दिसले, तर थट्टा न करता तिला एवढेच सांगावे, ‘‘उद्यापर्यंत थांब, रंग अजून पिकतो आहे.’’ त्या दिवशी आमच्या घरात एवढे शास्त्र कोणाला ठाऊक असते, तर त्या मुलीचे हात वाचले असते.