घरच्या गॅसवर धान्यापासून 'पेल एल' बिअर कशी बनते? महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

14 ऑक्टोबर 1978. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका करविषयक विधेयकावर सही केली. त्यात एक छोटीशी तरतूद होती. घरच्या वापरापुरती बिअर घरीच बनवायला परवानगी देणारी.

अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्येच उठली होती. त्यानंतर घरी वाइन बनवायला सूट मिळाली, पण बिअर मात्र त्यातून राहून गेली. ती चूक सुधारायला 45 वर्षं लागली.

फेब्रुवारी 1979 पासून दोन प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर बिअर घरी बनवता येऊ लागली. अट एकच, ती विकायची नाही.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात केन ग्रॉसमन हा तरुण घरी बिअर बनवण्याचं सामान विकत होता. पुढे त्याने भागीदारासोबत 'सिएरा नेवाडा' ही ब्रुअरी सुरू केली. 1980 मध्ये तिथे तयार झालेली 'पेल एल' आज या प्रकारच्या बिअरचा नमुना मानली जाते.

ही बिअर घरी नेमकी बनते कशी? आणि इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ बघून महाराष्ट्रात कुणी ती बनवली तर काय होऊ शकतं?

सुरुवात धान्यापासून

बिअरचं मुख्य धान्य म्हणजे जव, म्हणजेच सातू. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून सत्त्व करतात. जवाचंही तसंच करतात. मोड आणून वाळवलेल्या या धान्याला 'माल्ट' म्हणतात. ते फारसं न भाजता वाळवलं की रंग फिकट राहतो. 'पेल' म्हणजे फिकट. नाव त्यावरूनच आलं.

साधारण 20 लिटर बिअरसाठी साडेचार किलो माल्ट लागतो. तो भरडून 66-67 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवतात.

इथे तापमान का महत्त्वाचं? मोड आलेल्या धान्यात एन्झाइम असतात. ते पिठूळ स्टार्चचं साखरेत रूपांतर करतात. तापमान थोडं कमी असेल तर आंबू शकणारी साखर जास्त बनते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. थोडं जास्त असेल तर बिअर दाट, गोडसर होते. 80 अंशांच्या आसपास गेलं की एन्झाइम निकामी होतात आणि काम थांबतं.

मग चोथा गाळून वेगळा करतात. उरलेल्या गोड पाण्याला 'वर्ट' म्हणतात.

कडूपणा आणि सुगंध कुठून येतो?

वर्ट तासभर उकळतात. त्यात पडतात 'हॉप्स', म्हणजे एका वेलीची शंकूच्या आकाराची फुलं. ही वेल भांगेच्या कुळातली आहे, पण तिच्यात भांगेची नशा नाही.

पेल एलची सगळी गंमत हे हॉप्स कधी टाकायचे, यात आहे.

उकळीच्या सुरुवातीला टाकले तर त्यातली आम्लं तासभर शिजून विरघळतात आणि बिअर कडू होते. पण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत किंवा गॅस बंद केल्यावर आणखी हॉप्स टाकतात. आमटी उतरवताना वरून कोथिंबीर घालतात, तसंच.

काही जण बिअर आंबून झाल्यावरही 50-60 ग्रॅम हॉप्स तीन-चार दिवस तिच्यात ठेवतात. त्याने कडूपणा फारसा वाढत नाही, फक्त वास खुलतो. 'कॅस्केड' ही 1972 मध्ये अमेरिकेत आलेली जात वापरली तर पपनसाच्या सालीसारखा वास येतो. सिएरा नेवाडाच्या पेल एलची ओळख तीच.

हॉप्सचं आणखी एक काम आहे. ते अनेक जिवाणूंची वाढ रोखतात. जहाजातून भारतात येणाऱ्या ब्रिटिश बिअरमध्ये हॉप्स जास्त असायचे, त्यामागे हेही कारण होतं. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापारातूनच आलं.

बाकीचं काम यीस्टचं

उकळलेलं वर्ट लवकरात लवकर 20 अंशांपर्यंत थंड करतात आणि त्यात यीस्ट टाकतात. इथून पुढे भांडी, नळ्या, झाकण सगळं निर्जंतुक हवं. नाहीतर नको ते जंतू वाढून बिअर आंबट होते.

एक-दोन आठवड्यांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. अशा बिअरमध्ये साधारण 5 टक्के अल्कोहोल असतं. खोली 30 अंशांची असेल तर यीस्ट उतावीळपणे काम करतं आणि बिअरला उग्र वास येतो.

शेवटी लिटरमागे सुमारे 6 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरतात. त्यातून फेस तयार होतो. आंबणं पूर्ण होण्याआधीच बाटल्या बंद केल्या, तर त्या फुटून इजा होऊ शकते.

ही बिअर विषारी होऊ शकते का?

2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने 100 हून अधिक जणांचे जीव घेतले. तिथे कारण होतं मिथेनॉल. धान्याची बिअर आंबताना मिथेनॉल अगदी नगण्य तयार होतं आणि ऊर्ध्वपातन होत नसल्याने ते एकवटतही नाही. पण म्हणून बिअर निरुपद्रवी ठरत नाही. अल्कोहोल घरचं असो वा दुकानातलं, शरीराला दोन्ही सारखंच.

महाराष्ट्रात कायदा काय आहे?

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास व दंड होऊ शकतो. 'विकणार नाही, फक्त घरी पिणार' असं म्हणून सुटका होत नाही. अमेरिकेसारखी सूट इथे नाही.

एवढंच नाही, तर मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य किंवा भांडी बाळगणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे ऑनलाइन मागवलेलं 'होम ब्रू किट' सुद्धा अडचणीत आणू शकतं.

ताज्या बिअरचा कायदेशीर मार्ग म्हणजे परवानाधारक मायक्रोब्रुअरी. पुण्यात 2009 मध्ये 'डुलाली'पासून ही सुरुवात झाली. माल्ट, हॉप्स आणि यीस्टचा हाच खेळ तिथे मोठ्या टाक्यांमध्ये चालतो. अमेरिकेत मात्र तो 1979 पासून घरच्या शेगडीवर चालतो.