आईच्या पाठीला पटेल असं सस्पेन्शन: पंधरा हजारांत घरची गाडी घाटासाठी कशी तयार करायची?

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आले. "दादा, गाडी घाटात झुलते, काय बसवू?" कुणी स्प्रिंगबद्दल विचारलं, कुणी रुंद टायरबद्दल, तर एकाने थेट गाडी खाली बसवायची का असं विचारलं. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तसंच आहे, फक्त "म्हणजे कसं ना" एवढं काढून टाकलंय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

"तुझ्या गाडीत नको, मी एसटीने जाते"

आम्ही तळोद्याचे. माझी ताई शिक्षिका आहे, तिकडे धडगावला. तिचं बाळ लहान, म्हणून आईची महिन्यातून दोन-तीनदा फेरी असते आणि वाटेत चांदसैली घाट. ज्यांनी तो घाट चढलाय त्यांना सांगायला नको: अरुंद रस्ता, लागोपाठ वळणं, पावसाळ्यात दरडीची माती खाली आलेली आणि डांबर कुठे आहे, कुठे नाही.

गाडी २०१६ची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. सेकंडहँड घेतलेली, ९२ हजार किलोमीटर झालेली. मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडी मागून दबायची. मी इंटरनेटवर बघितलं आणि स्प्रिंगच्या वेढ्यात अडकवायचे ते रबरासारखे बफर चारही चाकांना बसवून घेतले. खर्च २,४०० रुपये. गाडी थोडी उंच दिसायला लागली, वळणावर कमी झुकायला लागली. मी खूश.

मग जुलैत एकदा घाट उतरत होतो. पाऊस भुरभुरत होता, वेगही फार नव्हता. वळणात रस्ता उखडलेला होता, तिथे मी ब्रेक लावला आणि गाडीचा मागचा भाग टुणकन उडून बाहेरच्या बाजूला सरकला. फार नाही, हातभर. पण बाहेरच्या बाजूला दरी होती. आई मागच्या सीटवर होती. ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी मात्र म्हणाली, "तुझ्या गाडीत नको, मी एसटीने जाते. पाठ पण दुखते."

मंडळी, गाडीबद्दल याहून वाईट रिव्ह्यू मला आजवर मिळालेला नाही.

काकांनी हाताने गाडी दाबली

नंदुरबारला एक जुने मेकॅनिक काका आहेत. गाडी नेली तर म्हणाले, "काय जयं भाऊ?" सगळं सांगितलं. त्यांनी गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबला आणि सोडला. मग बफर काढून परत तेच केलं. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, परत खाली. काका म्हणाले, "चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही झोका घेतेय. तुझा शॉकअप मेलाय आणि तू स्प्रिंगला व्यायाम शिकवतोयस."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. खड्डा आला की ती दबते आणि साठवलेला जोर परत सोडते. तिला एकटीला ठेवलं तर ती नाचतच राहील. तो नाच थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून ते तेल जबरदस्तीने जातं, स्प्रिंगच्या हालचालीची उष्णता होते आणि चाक रस्त्याला टेकून राहतं. सील झिजून तेल गळालं की हे काम बंद. मग चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं, आणि हवेत असलेलं चाक ना ब्रेक लावू शकत, ना वळवू शकत.

त्या बफरने केलं काय? स्प्रिंगचा एक वेढा अडवला. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते आणि तिला आवरणारा शॉकअप आधीच संपलेला. त्यात उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. हलकं चाक, कडक स्प्रिंग, मेलेला शॉकअप, ओला रस्ता. वळणावर गाडी "कमी झुकते" म्हणजे ती जास्त पकडून चालते असं नाही, हे मला तिथे कळलं.

आधी फुकटातलं

काकांनी मला एक क्रम दिला. तोच तुम्हाला देतो. खालून वर जायचं, रस्त्याला जे टेकतं तिथून सुरुवात.

*एक, हवा.* ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. माणसं भरलेली असताना वेगळा आकडा असेल तर तोही तिथेच. पंपावर पोऱ्या सवयीने चाळीस मारून देतो. माझ्या गाडीत तेच होतं. जास्त हवेने टायर फुगतो, मधलाच भाग टेकतो, पकड कमी होते आणि प्रत्येक खडा आईच्या पाठीत जातो. हवा टायर थंड असताना तपासायची.

*दोन, टायरचं वय.* टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. माझ्या मागच्या टायरवर ३११६ होतं, म्हणजे २०१६ सालातला ३१वा आठवडा. कंपनीतून आलेले तेच टायर! नक्षी थोडी दिसत होती, पण रबर दगड झालं होतं. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, झीज तिथपर्यंत आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर बाद. पावसात घाट चढायचा असेल तर तिथपर्यंत थांबू नका.

आणि दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे टाका. आपल्याकडे सगळे पुढे टाकतात, कारण ओढतात पुढची चाकं. पण पुढची घसरली तर गाडी सरळ जायला बघते, आपण वेग कमी करून सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गोल फिरते आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

*तीन, छतावरचं ओझं.* मिरचीच्या हंगामात आपल्याकडे कॅरिअरवर पोती बांधलेल्या गाड्या काही कमी नसतात. वजन जितकं उंच, तितकी गाडी वळणावर जास्त कलंडते. जड सामान डिकीत, खाली, सीटला चिकटून ठेवा. कॅरिअर रिकामा असेल तर काढून ठेवा.

मग पैशाचं

बाकीचं काम काकांनी दोन दिवसांत केलं. माझं बिल जसंच्या तसं वाचून दाखवतो, तुमच्याकडे थोडं कमी-जास्त होईल:

- पुढच्या लिंक रॉडची जोडी: १,३०० रुपये
- लोअर आर्मचे बुश: १,१०० रुपये
- पुढच्या शॉकअपची जोडी: ५,२०० रुपये
- वरचे माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉप: २,००० रुपये
- मागच्या शॉकअपची जोडी: २,८०० रुपये
- मजुरी: २,२०० रुपये
- अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग: ९०० रुपये

एकूण १५,५००. मागचे दोन टायर वेगळे.

लिंक रॉड म्हणजे काय? पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते, ती वळणावर गाडीला झुकण्यापासून रोखते. ती सळई शॉकअपला जोडणारा छोटा दांडा म्हणजे लिंक रॉड. त्याचा सांधा सैल झाला की खडबडीत रस्त्यावर टक-टक आवाज येतो आणि सळई उशिरा कामाला लागते. लोअर आर्मचा बुश म्हणजे रबराचा सांधा. तो फाटला की ब्रेक लावताना चाक किंचित मागे-पुढे होतं आणि स्टिअरिंग भटकतं. लोक याला "गाडी जुनी झाली" म्हणतात. गाडी ठीकच असते, संपलेलं असतं काहीशे रुपयांचं रबर.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, डावा-उजवा एकत्र. नाहीतर एक बाजू आवरते आणि दुसरी नाचते. पुढचा शॉकअप उघडलाच आहे तर माउंटिंग आणि बंप स्टॉपही बघून घ्या, मजुरी एकदाच लागते. आणि हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट करायचीच. आधी केलेली धरायची नाही.

दुकानदार विचारेल, साधा घ्यायचा की गॅसवाला? सलग खडबडीत रस्त्यावर शॉकअपमधलं तेल फेसाळतं आणि फेसातून पिस्टन सहज सरकतो, म्हणजे आवर कमी होतो. गॅसवाल्यात नायट्रोजन तेलाला दाबून ठेवतो, फेस कमी होतो. घाटाच्या रस्त्याला हा फरक खरंच कामाचा आहे. मात्र डब्यावर तुमच्याच मॉडेलचं आणि सालाचं नाव हवं. गॅब्रिएलसारखी कंपनी १९६१ पासून भारतात हेच बनवतेय, ओळखीच्या ब्रँडचा माल तालुक्यातही मिळतो. बिल मात्र घ्या, नकली माल भरपूर आहे.

रुंद टायर आणि खाली बसवलेली गाडी

आता तरुण मंडळींचा आवडता भाग. माझ्या स्विफ्टच्या व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ टायर येतो, वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. गणित करा: पहिल्याची पूर्ण उंची ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१.५. फरक जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणून स्पीडोमीटर बरोबर राहतो आणि टायर कुठे घासत नाही. त्याच मॉडेलला कंपनीने दिलेली साइझ, ही माझी शेवटची हद्द. तीही घेताना इन्शुरन्सवाल्याला कळवायचं. मी स्वतः मात्र चौदाच ठेवले, कारण उंच साइडवॉल खड्डा पचवते आणि रिम वाचतो.

गाडी खाली बसवणं? आपल्या गावातले स्पीडब्रेकर आठवा आणि उत्तर तुम्हीच द्या.

कायद्याचंही ऐका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. झिजलेला भाग काढून तसाच नवा टाकणं ही दुरुस्ती आहे, त्याला कुणी अडवत नाही. म्हणून मी म्हणतो, घरच्या गाडीचं सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे तिला परत नव्यासारखी करणं.

शेवटचं, ज्याला पैसे लागत नाहीत

घाट ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना लावायचा. वळणात शिरल्यावर नाही. माझी त्या दिवशीची अर्धी चूक हीच होती. ती कुठल्याच शॉकअपने भरून निघाली नसती.

काम झाल्यावर पहिल्या फेरीला आईला खूप आग्रह केला. ती बसली, पण दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून. कोठारपासून चढ लागला तरी हात तिथेच. अर्ध्या घाटात आरशात बघितलं, तर हात खाली आला होता आणि ती पिशवीतून बाळाचं स्वेटर काढून विणत होती. धडगावला उतरताना एवढंच म्हणाली, "परतीला किती वाजता निघायचं?"

तर मंडळी, उद्या सकाळी गाडीचा प्रत्येक कोपरा एकदा दाबून बघा. किती झोके घेते ते आणि टायरवरचे चार आकडे मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्याच गाड्यांवर बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा, मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असतं.