तीन गेजची मिरज, एका टेबलावर

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर हा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मिरज जंक्शनवर तीन मापांचे रूळ शेजारी आले. पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. नव्वदच्या दशकात लोंढ्याकडचं मीटरगेज गेलं. या शतकात पंढरपूरकडची छोटी गाडीही बंद झाली आणि तिच्या जागी मोठी आली. मधल्या वीसेक वर्षांत मिरजेत जे दिसत होतं ते देशात फार थोड्या स्टेशनांवर दिसलं असेल. पुण्याहून आलेल्या माणसाने एक फलाट ओलांडला की रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटरवरून १००० वर यायचं, आणखी एक ओलांडला की ७६२ वर. माल असेल तर एका मापाच्या वाघिणीतून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत हमालाच्या पाठीवरून.

रेल्वे मॉडेलिंगचा छंद असलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगला विषय आपल्या भागात नाही, असं माझं ठाम मत आहे. मिरजेची तीन गेज एका टेबलावर आली पाहिजेत, आणि ती करणारी माणसं सांगली-साताऱ्यातलीच असली पाहिजेत.

हा छंद म्हणजे खेळण्यातली गाडी गोल फिरवणं नव्हे. एक प्रमाण ठरवायचं आणि रूळ, डबे, फलाट, झाडं, माणसं, विजेचे खांब सगळं त्याच प्रमाणात करायचं. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एकास सत्त्याऐंशी, त्याला एचओ म्हणतात. इंग्लंडमध्ये एकास शहात्तर चालतं. जागा कमी असेल तर एकास एकशेसाठ, म्हणजे एन. आपल्या नेहमीच्या निळ्या आयसीएफ डब्याचा सांगाडा २१ मीटरहून थोडा लांब असतो. एचओमध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो, एनमध्ये जेमतेम तेरा. हे गणित मांडलं की घरात काय मावेल ते लगेच कळतं. चोवीस डब्यांची एक्सप्रेस एचओमध्ये सहा मीटरांच्या वर जाते. पुणे ते मिरज सुमारे २८० किलोमीटर, ते एचओमध्ये सव्वातीन किलोमीटर होतील. म्हणून मॉडेल करणारा माणूस आधी सोडायला शिकतो. गाडी सात-आठ डब्यांची करतो, दोन स्टेशनांमधलं अंतर गिळतो, वळण आवळतो. ब्रॉडगेजच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते, ती एचओमध्ये दोन मीटर होते. घरातल्या टेबलावर दोन फुटांचं वळण बसवलं तर ते खऱ्या मापात ५३ मीटरांचं ठरतं. अशा वळणावर खरी गाडी कधीच चालणार नाही. मॉडेलची चालते, कारण डब्यांची जोडणी आणि बोगी तशी केलेली असते. नजरेला खटकू नये म्हणून ते वळण डोंगराआड किंवा बोगद्यात लपवायचं, ही या छंदातली जुनी युक्ती.

मिरजेचं गणित मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतं. एचओचा तयार रूळ मिळतो तो १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मापासाठी केलेला आहे. आपलं ब्रॉडगेज त्याहून २४ सेंटिमीटर रुंद. एचओमध्ये ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं आणि त्या मापाचा तयार रूळ दुकानात मिळत नाही. गंमत पुढे आहे. आपलं मीटरगेज एचओमध्ये साडेअकरा मिलिमीटर होतं, आणि १२ मिलिमीटरचा रूळ युरोपातल्या डोंगरी रेल्वेंसाठी तयार मिळतो. पंढरपूरकडच्या नॅरोगेजचं, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचं, ७६२ मिलिमीटरचं माप पावणेनऊ होतं, त्याला ९ मिलिमीटरचा रूळ जवळपास अचूक बसतो. म्हणजे मिरजेतून गेलेली दोन्ही गेज बाजारातल्या रुळांवर उभी राहतात, आणि आज रोज धावणारं ब्रॉडगेज तेवढं स्वतःच्या हाताने घालावं लागतं. तांबं चढवलेल्या पट्टीचे स्लिपर कापायचे, त्यांवर मापपट्टी ठेवून रूळ डागायचा, एकेक स्लिपर, एकेक जोड. गाडीचा रूळ बदलणारा सांधा करायचा तर कानशीने त्याच्या हलत्या जिभेची धार काढायची. बहुतेक भारतीय छांदिष्ट इथे तडजोड करतात आणि १६.५ च्या रुळावरच आपली गाडी चालवतात. एरवी मी त्यांना नावं ठेवणार नाही. मिरजेत मात्र ही तडजोड चालायची नाही, कारण तिथे तीन मापं शेजारी उभी असतात. मोठं माप अरुंद केलं की त्या दृश्याचा जीवच जातो.

महाराष्ट्रात हा छंद लोकांसमोर आणण्याचं श्रेय पुण्याच्या भाऊसाहेब जोशींना जातं. कोथरूडमधलं त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी हा छंद घरात जोपासला होता. तिथे वाफेची गाडी आहे, वेगवान गाडी आहे, लटकून धावणारी गाडी आहे. भोवती एक अख्खं छोटं शहर आहे आणि सगळा कारभार नियंत्रण पॅनेलवरून चालतो. प्रयोग सुरू झाला की दिवस मावळतो आणि शहरातले दिवे लागतात. साताऱ्या-सांगलीहून पुण्याला सहलीला जाणाऱ्या शाळांनी हे ठिकाण चुकवू नये. तरी एक गोष्ट म्हणायलाच हवी. ते शहर कल्पनेतलं आहे. गाड्या जगभरच्या आहेत, वातावरण परक्या देशाचं आहे. भाऊसाहेबांनी ज्या काळात हे केलं त्या काळात भारतीय गाड्यांची मॉडेलं मिळतच नव्हती, त्यामुळे दुसरं काही शक्यच नव्हतं. आज थ्रीडी प्रिंटिंगमुळे आयसीएफचा डबा, डब्ल्यूडीएम-टू डिझेल, वायपी-वायजी ही मीटरगेजची वाफेची इंजिनं घरच्या घरी छापता येतात. आता पुढचं पाऊल आपल्या स्टेशनाचं.

आणि हात आपल्याकडे आहेतच. दिवाळीत साताऱ्या-सांगलीच्या गल्लीगल्लीत किल्ला होतो तो दुसरं काय असतो? दगड-विटांचा ढिगारा, त्यावर ओलं पोतं, वर मातीचा लेप, गेरू, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ, पायथ्याशी तळं, वर जाणारी वाट आणि वाटेवर मावळे. उतार नैसर्गिक कसा दिसेल, तटबंदी डोंगराच्या अंगाने कशी वळेल, याचा विचार दहा वर्षांचं पोर करतं. परदेशात छांदिष्टांना जो भाग सर्वांत अवघड वाटतो तो आपल्या पोरांना येतो. गणपतीच्या देखाव्यांत मोटरवर हलणारी चित्रं करणारी मंडळंही याच भागातली. मिरजेतल्या सतारमेकर मंडळींचा तर प्रश्नच नाही. भोपळ्याच्या टणक सालीवर नाजूक नक्षी कोरणाऱ्या गावात कारागिरी शोधायला बाहेर जावं लागत नाही.

खडी बसवणं हे या छंदातलं सर्वांत कंटाळवाणं काम समजतात. माझ्या लेखी ते सर्वांत महत्त्वाचं आहे. परदेशी पिशवीतली खडी करड्या-गुलाबी रंगाची येते. आपल्या मार्गावरची खडी बेसॉल्टची, म्हणजे काळसर, किंचित निळी. क्रशरवरची बारीक कच आणून चहाच्या गाळणीतून चाळली की गाळणीखाली पडतो तो बारीक दाणा एचओला चालतो. गाळणीत राहतो तो मोठा पडतो. दाणा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेला की रुळांमध्ये धोंडे पडल्यासारखे दिसतात. सुका दाणा मऊ कुंचल्याने स्लिपरमध्ये सारायचा, रुळाच्या बाजूवर एकही ठेवायचा नाही. मग पाण्याचा हलका फवारा. त्यावर फेव्हिकॉलमध्ये दुप्पट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ते इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब सोडायचं. साबण नसेल तर गोंद दाण्यांवर गोळा होऊन बसतो, खाली उतरत नाही. रात्रभर सुकू द्यायचं. सांध्याच्या हलत्या जिभेजवळ गोंद गेला तर सांधा कायमचा अडकतो, म्हणून तिथे आधी तेलाचा एक थेंब. शेवटी गाड्या जिथे थांबतात तिथे, म्हणजे फलाटालगत, काजळी आणि गेरूच्या पुडीने तेलाचे आणि ब्रेकच्या गंजाचे डाग. घाटात खडी स्वच्छ, स्टेशनात मळकी. एवढा फरक केला की लांबूनही ते खरं वाटायला लागतं.

झाडांसाठी तुळशीच्या वाळक्या काड्या उत्तम. बाभळीचा पसारा त्यांना आपसूक येतो. उसाचा फड काथ्याच्या ब्रशचे केस दाट लावून उभा राहतो. हरिपूरची हळदीची पेवं जमिनीखाली असतात, ती दाखवायची तर टेबलाच्या काठावर जमिनीचा उभा काप घ्यावा. वर बैलगाडी आणि पोती, खाली मडक्याच्या आकाराची काळोखी पोकळी. असं दृश्य जगातल्या कुठल्याही लेआउटवर नसेल.

या मार्गावर मिरजेशिवायही निवडायला बरंच आहे. सालपे-आदर्कीचा घाट आहे, त्यात बोगदे आणि वळणं आहेत. घाटाच्या वरचं वाठार स्टेशन मोटारी येण्यापूर्वी महाबळेश्वरला जाणाऱ्यांचं उतरण्याचं ठिकाण होतं. कऱ्हाडचं स्टेशन ओगलेवाडीत, प्रभाकर कंदील करणाऱ्या ओगल्यांच्या काचकारखान्याच्या शेजारी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी याच रुळांच्या कडेला आहे. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सैनिकांनी सरकारी पगाराची गाडी अडवून खजिना लुटला. सांगली शहर मुख्य मार्गावर नव्हतं, म्हणून संस्थानाने १९०७ मध्ये मिरजेहून स्वतःची फाटा-लाइन घातली. ब्रॉडगेज आलं तेव्हा मुख्य मार्गच सांगलीत आला. यातलं प्रत्येक ठिकाण एका टेबलाचा ऐवज आहे.

छोट्या गाडीचा वंश तर थेट मॉडेलवाल्यांच्या दुनियेत पोचलेला आहे. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केली आणि १९२७ मध्ये ती मिरजेला आली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, आणि तो सगळ्या आसांवर सारखा, हे त्याचं तत्त्व. त्यामुळे हलक्या रुळांवर बऱ्यापैकी मोठे डबे धावू शकले. बार्शीचा हाच अनुभव घेऊन त्याने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही चिमुकली रेल्वे केली. ती १९०४ ते १९३४ अशी तीसच वर्षं चालली. तिची मॉडेलं इंग्लंडमधले छांदिष्ट आजही हौसेने करतात. तिची थोरली बहीण बार्शी-मिरज. तिचं तसं मॉडेल मात्र आपल्याकडे नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इंग्लंडचंच दुसरं उदाहरण अधिक उपयोगी आहे. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिथे आला. ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातली जुनी गवती छपरांची घरं पाडली जाताना, बदलताना त्याने पाहिली. त्याने ती घरं मोजायला सुरुवात केली. कुठली वीट, कुठला दरवाजा, परसात कुठल्या भाज्या, सगळं टिपून ठेवलं आणि पुठ्ठ्यातून एकेक घर उभं केलं. १९५४ मध्ये त्यातून पेंडन संग्रहालय झालं. त्याच्यानंतर स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी काम पुढे चालवलं आणि ते अजून चालू आहे. हॅम्बर्गचं २००१ मध्ये सुरू झालेलं मिनियातुर वुंडरलँड प्रचंड आहे, गर्दी खेचतं. पण आपण शिकायचं ते पेंडनकडून. तिथे गाडी निमित्त आहे, काम स्मृती जपण्याचं आहे.

मिरजेला हे लागू पडतं, कारण इथलं बदलणं अजून थांबलेलं नाही. दुहेरी मार्ग आणि विजेच्या तारा आल्या, जुने सिग्नल गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलं तेव्हा मिरजेतून पाण्याच्या दहा टाक्यांची गाडी निघाली आणि ३४२ किलोमीटर जाऊन पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. एके काळी जिथे बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची त्याच वाटेने ती गेली. अंकलीच्या कृष्णेच्या पुलापासून मिरजेच्या यार्डापर्यंतचा एवढाच तुकडा घेतला तरी एका लेआउटवर १९७५ आणि २०१६ शेजारी मांडता येतील.

त्यासाठी आज जे मोजता येईल ते आज मोजायला हवं. इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांनी परवानगी घेऊन जुन्या इमारती, फलाटांच्या कडा, छपरांचे कंस मोजावेत. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी इथल्या निवृत्त सांधेवाल्यांना, फायरमनना, स्टेशनमास्तरांना भेटून तीन गेजचं यार्ड कसं होतं ते त्यांच्याकडून कागदावर काढून घ्यावं. एकेरी मार्गावर पुढे जाण्याची परवानगी म्हणून ड्रायव्हरला मिळणारा लोखंडी गोळा वेताच्या कड्यातून कसा दिला-घेतला जाई, माल-बदलीचा फलाट कुठल्या बाजूला होता, हे त्यांना माहीत आहे. ही माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. आणि तुमच्या घरच्या अल्बममध्ये मिरज स्टेशनवर काढलेला जुना फोटो असेल, मागे छोट्या गाडीचा डबा किंवा मीटरगेजचं इंजिन दिसत असेल, तर तो स्कॅन करा आणि मागे साल, ठिकाण लिहून ठेवा. मॉडेल करणाऱ्याला सर्वांत आधी तोच लागणार आहे.